शस्त्रागाराची किल्ली आणि शस्त्रागाराची वही

ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे, त्यांना 'जडवस्तू नोंदवही' हा शब्द परका नाही. लांबट आकाराची, कापडी पुठ्ठ्याची ही वही शाळेच्या कपाटात असते. वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, किंमत, नग आणि शेरा असे तिचे रकाने. वर्षाअखेरीस त्या त्या विषयाच्या शिक्षकाने कपाट उघडावे, वस्तू मोजाव्यात आणि 'पडताळणी केली, सर्व वस्तू बरोबर आढळल्या' असे लिहून सही करावी, असा नियम आहे. मी इतिहास-भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी, एका शाळेत असताना, भूगोलाच्या कपाटातील साहित्य मी एकदा खरोखरच मोजले, तेव्हा वहीत दोन असलेली प्रिझमची होकायंत्रे कपाटात एकच निघाली. मागील पाने उलटून पाहिली. सलग तीन वर्षे 'सर्व वस्तू बरोबर' असा शेरा होता आणि त्यांतील शेवटची सही माझीच होती. परीक्षेच्या धामधुमीत वही समोर आली, वरच्या वर्षी जे लिहिले होते तेच खाली लिहिले आणि सही केली, एवढेच मला आठवत होते.

होकायंत्र कोणाच्या हाती गेले तरी त्याने कोणाचा प्राण जात नाही. म्हणून ती गोष्ट किंमत भरून मिटली. परंतु त्या वहीच्या जागी पोलिसांच्या शस्त्रागाराची वही ठेवा आणि होकायंत्राच्या जागी पिस्तूल ठेवा, म्हणजे आजच्या माझ्या विषयाचे स्वरूप आपल्या ध्यानात येईल. सरकार प्रजेला सांगते की, शस्त्र बाळगायचे तर परवाना काढा, त्याचा हिशेब द्या. मग स्वतः सरकारजवळच्या शस्त्रांचा हिशेब कोण घेतो?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सभासदाच्या बखरीत वर्णिलेली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान दर्जाचे अंमलदार असत आणि त्यांच्याबरोबर साठ्याचा व जमाखर्चाचा हिशेब राखणारा कारखानीस असे. ही माणसे मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून नेमली जात. पुष्कळ वर्षे मी वर्गात हा भाग 'एकाने फितुरी केली तरी गड जाऊ नये म्हणून' एवढ्याच स्पष्टीकरणाने शिकवीत आलो. ते खरे आहेच. पण त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ज्याच्या हाती किल्ल्या, त्याच्या हाती हिशेबाची वही नाही. आणि ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती किल्ल्या नाहीत. कोठार रिकामे झाले तर ते लपवण्यासाठी निदान दोघांचे संगनमत व्हावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर याहून बारीक सूचना आहे. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. वरवर पाहता ही दारू सर्दावू नये म्हणून केलेली तजवीज आहे. परंतु जी वस्तू पंधरा दिवसांनी उन्हात मांडली जाते, ती आपोआप मोजलीही जाते. आणि मुद्रा फुटलेली असेल तर ती पंधरा दिवसांत कळते, दहा वर्षांनी नव्हे.

दहा वर्षे हा आकडा मी सहज घेतलेला नाही. तो अमेरिकेतून घेतला आहे. सरकारी शस्त्रांचा हिशेब बाहेरच्या माणसाने घ्यावा आणि निघालेले उणे-अधिक छापून लोकांपुढे मांडावे, ही पद्धत अलीकडच्या काळात त्या देशाने बरीच तपशीलवार वापरली आहे, आणि तिची कागदपत्रे सर्वांना वाचता येतात. म्हणून तेथील हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेने 1978 साली 'महानिरीक्षक' या पदाचा कायदा केला. प्रत्येक मोठ्या खात्यात एक असा अधिकारी असावा, की ज्याने त्याच खात्याचे दोष शोधावेत आणि ते खात्याच्या प्रमुखाला तसेच थेट विधिमंडळालाही कळवावेत, ही त्यामागची कल्पना. घरातच राहून घराविरुद्ध साक्ष देणारा हा माणूस साहजिकच कोणाला फारसा प्रिय नसतो. न्याय खात्याला तर असा महानिरीक्षक मिळायला आणखी दहा वर्षे जावी लागली. 1988 च्या दुरुस्तीने तो आला आणि 1989 मध्ये त्याचे कार्यालय सुरू झाले. याच खात्याखाली एफ.बी.आय. ही प्रसिद्ध तपास यंत्रणा येते. तिच्या माणसांच्या गैरवर्तनाची चौकशी करण्याचे पूर्ण अधिकार महानिरीक्षकाला 2001 च्या जुलै महिन्यात मिळाले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत एफ.बी.आय.चाच एक जुना अधिकारी रशियाचा हेर म्हणून पकडला गेला होता, आणि यंत्रणेची प्रतिष्ठा पार खाली आली होती. प्रतिष्ठा खाली आल्याखेरीज कपाट उघडावयास कोणी तयार होत नाही, असा अनुभव आहे.

त्याच जुलैमध्ये एफ.बी.आय.ने कबूल केले की, आपली शेकडो शस्त्रे आणि पुष्कळसे लॅपटॉप संगणक जागेवर नाहीत. त्यावर महाधिवक्त्यांनी सगळ्याच न्याय खात्याची तपासणी करण्यास महानिरीक्षकांना सांगितले. अहवाल 2002 च्या ऑगस्टमध्ये आला. पाहिलेल्या 28 महिन्यांच्या काळात एफ.बी.आय.ची 354 शस्त्रे आणि 317 लॅपटॉप गहाळ झाले होते किंवा चोरीस गेले होते. मला मात्र या आकड्यांपेक्षा दुसरीच नोंद अधिक बोलकी वाटते. दर दोन वर्षांनी सर्व मौल्यवान मालाची प्रत्यक्ष मोजदाद करावी, असा एफ.बी.आय.चा स्वतःचाच नियम होता. आणि जवळजवळ दहा वर्षे अशी पूर्ण मोजदाद झालेलीच नव्हती! जगातील अत्यंत कर्तबगार म्हणून गाजलेली तपास यंत्रणा, जिने दुसऱ्यांच्या घरातील कागदाचा तुकडाही सोडला नाही, तिला आपल्या घरात बंदुका किती हे ठाऊक नव्हते.

महानिरीक्षकांनी एकदा अहवाल देऊन हात झटकले नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पाच वर्षांनी, 2007 च्या फेब्रुवारीत, ग्लेन फाइन या महानिरीक्षकांच्या कार्यालयाने तीच मोजणी पुन्हा केली. या वेळी 44 महिन्यांत 160 शस्त्रे आणि 160 लॅपटॉप गेलेले निघाले. म्हणजे पूर्वी दरमहा साडेबारांहून अधिक शस्त्रे हरवत होती, ती आता साडेतीनच्या आसपास हरवू लागली. सुधारणा झाली, यात शंका नाही. आणि ती अहवालात मोकळेपणाने लिहिलेलीही आहे. पण त्याच अहवालात लॅपटॉपांविषयीची एक नोंद आहे. हरवलेल्यांपैकी निदान दहांमध्ये गोपनीय किंवा संवेदनशील माहिती होती. आणखी 51 संगणकांत अशी माहिती होती की नव्हती, हेच एफ.बी.आय.ला सांगता आले नाही. एका संगणकात तर यंत्रणेच्या कर्मचाऱ्यांची नावे, घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक होते. दुसऱ्यात ओळखपत्रे तयार करण्याची यंत्रणा होती. बंदूक गेली तर एक बंदूक गेली एवढे तरी कळते. संगणक गेला तर काय गेले, हेच कळत नाही. आपल्या पूर्वजांच्या दारूखान्यात ही अडचण नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे बाळगणाऱ्या संस्थेत शे-दीडशे शस्त्रे म्हणजे फार तर हजाराला दोन-तीन. त्याचा एवढा गवगवा कशाला? अमेरिकेतही असे म्हणणारे पुष्कळ निघाले. मी एवढेच सांगेन की, दोनशे मुलांची सहल नेऊन एकशे नव्व्याण्णव परत आणणारा शिक्षक पालकांसमोर 'फक्त अर्धा टक्का' असे म्हणू शकत नाही. काही वस्तूंचा हिशेब टक्केवारीत होत नाही.

यानंतरची पाळी अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्याची. 2001 च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर अमेरिकेने सीमारक्षण, सीमाशुल्क, परदेशी नागरिकांची ये-जा अशी अनेक कामे एकत्र करून हे प्रचंड खाते उभारले. त्याच्याही महानिरीक्षकांनी 2010 च्या जानेवारीत अहवाल दिला. 2006 ते 2008 या तीन आर्थिक वर्षांत खात्याच्या 289 बंदुका-पिस्तुले गेली होती. त्यांपैकी बहुसंख्य कोणी दरोडा घालून नेलेली नव्हती. ती विसरलेली होती! कोणी उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात पिस्तूल ठेवून बाहेर आला, कोणी मोटारीच्या बंपरवर ठेवून मोटार चालवत निघून गेला, कोणी कुलूप न लावलेल्या वाहनात ठेवले. आपण छत्र्या विसरतो तशी ही मंडळी शस्त्रे विसरत होती. पुढे स्थानिक पोलिसांना त्यांतील पंधरा शस्त्रे सापडली, ती कोणाजवळ? शिक्षा भोगलेले गुन्हेगार, टोळ्यांतील लोक, अमली पदार्थांचे व्यसनी आणि कोवळ्या वयाची मुले यांच्याजवळ. शिक्षक या नात्याने त्या यादीतील शेवटच्या शब्दावर माझी नजर बराच वेळ थबकली.

त्याच खात्याची पुन्हा तपासणी झाली. 2017 च्या ऑक्टोबरमधील अहवालाप्रमाणे 2014 ते 2016 या काळात 228 शस्त्रे, 1,889 अधिकारदर्शक बिल्ले आणि प्रवेशपरवान्यासाठी वापरावयाचे 25 सुरक्षित शिक्के, असे एकूण 2,142 नग गेले होते. तपासनीसांनी त्यांतील 115 प्रकरणे बारकाईने पाहिली, तर 65 प्रकरणांत नियम पाळलेला नव्हता किंवा साधा विवेकही वापरलेला नव्हता. बिल्ल्यांचा आकडा ऐकून आपल्याला हायसे वाटू नये. बिल्ला छातीवर लावून रात्री दार ठोठावणाऱ्या माणसाला सामान्य नागरिक दार उघडतो. शस्त्राने जे बळाने होते, ते बिल्ल्याने विश्वासाने होते.

आता आकडे बाजूला ठेवून एकाच पिस्तुलाची कथा सांगतो. 2015 सालच्या जूनच्या 27 तारखेला सॅन फ्रान्सिस्को शहरात केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्यातील एका रक्षकाची मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती. तो कामानिमित्त प्रवासात होता, बरोबर कुटुंब होते. सरकारी पिस्तूल पाठीवरच्या पिशवीत, आणि पिशवी मोटारीत. कोणीतरी काच फोडली आणि पिशवी नेली. चार दिवसांनी, जुलैच्या 1 तारखेला, त्याच परिसरातील एका धक्क्यावर आपल्या वडिलांबरोबर फिरावयास आलेली 32 वर्षांची एक तरुणी गोळी लागून कोसळली आणि मरण पावली. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांना खाडीत पिस्तूल सापडले. ते त्या रक्षकाचे होते.

पुढे जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाने नीट पाहण्यासारखे आहे. गोळी ज्याच्या हातून सुटली तो परदेशी नागरिक होता आणि त्याला पूर्वी पाच वेळा देशाबाहेर घालवलेले होते. साऱ्या देशात वाद पेटला, तो परदेशी लोकांना शहरांनी आसरा द्यावा की न द्यावा याचा. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या सभांत या प्रकरणाचा उल्लेख होऊ लागला. आरोपीचे म्हणणे असे होते की, बाकाखाली कापडात गुंडाळलेली वस्तू आपल्याला सापडली आणि ती हाताळताना गोळी सुटली. गोळी आधी जमिनीवर आपटून मग उसळली होती, हे खटल्यात दिसून आले. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. त्यावरही मोठा गदारोळ झाला. या सगळ्या कोलाहलात, ते पिस्तूल मुळात रस्त्यावर आले कसे, हा प्रश्न कोपऱ्यातच राहिला. तरुणीच्या आईवडिलांनी केंद्र सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावला. परंतु मोटारीतील चोरी आणि धक्क्यावरचा मृत्यू यांना जोडणारी साखळी कायद्याच्या दृष्टीने फार लांबची ठरली आणि दावा टिकला नाही.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मी कायदेपंडित नाही. पण चार दिवसांचे अंतर फार लांबचे आहे, हे त्या वडिलांना समजावून सांगण्याचे काम माझ्यावर आले नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. एक गोष्ट मात्र झाली. कॅलिफोर्निया राज्याने 2016 साली कायदा करून, मोटार सोडून जाताना पिस्तूल कुलूपबंद ठेवण्याचे बंधन पोलिसांवरही घातले. साध्या नागरिकाने आपले पिस्तूल मोटारीत कसेही टाकून जाऊ नये असा निर्बंध आधी होता. पोलीस त्यातून सुटले होते. जो दुसऱ्याला नियम लावतो, त्याला स्वतःला तो लागू आहे हे सांगण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

श्रोतेहो, ही सगळी अमेरिकेची उणीदुणी ऐकून आपण समाधानाने मान डोलवावी, असा माझा हेतू नाही. हे आकडे आपल्याला कळतात, कारण तेथे कोणीतरी ते मोजले आणि छापले. आपल्या अनेक शस्त्रागारांविषयी आपल्याला काही ऐकू येत नाही, त्याचे कारण सर्व काही जागेवर आहे हेच असेल असे नाही. जेथे मोजले गेले तेथे काय निघाले, त्याचा एक दाखला आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिणेला, केरळमध्ये आहे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल 2020 च्या फेब्रुवारीत केरळच्या विधानसभेपुढे ठेवण्यात आला. तिरुवनंतपुरम येथील विशेष सशस्त्र पोलीस बटालियनच्या शस्त्रागाराची प्रत्यक्ष मोजणी लेखापरीक्षकांनी केली होती. त्यात 25 इन्सास रायफली आणि 12,061 जिवंत काडतुसे कमी भरली. सरावाच्या 250 काडतुसांच्या जागी बनावट काडतुसे ठेवलेली आढळली. साठ्याच्या वहीत खाडाखोड होती, एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवलेला होता, पांढरा द्रव लावून नोंदी पुसलेल्या होत्या. शाळेत मुलांच्या गुणपत्रिकेवर असा पांढरा द्रव दिसला तर आम्ही ती रद्द करतो. रायफली जिल्ह्याच्या सशस्त्र दलाच्या छावणीला दिल्या, असे बटालियनचे म्हणणे. त्या छावणीचे म्हणणे, आम्हाला मिळाल्याच नाहीत.

गदारोळ झाला. सरकारच्या बाजूने सांगण्यात आले की, ही केवळ लिहिण्यातील चूक आहे. मग त्याच महिन्यात गुन्हे शाखेच्या प्रमुखांनी स्वतः छावणीत जाऊन रायफली समोर मांडवल्या आणि एकेकीचा क्रमांक पडताळून पाहिला. एकूण 660 रायफली असावयास हव्या होत्या. त्यांपैकी 647 तेथे होत्या. उरलेल्या 13 मणिपुरात गेलेल्या तुकडीबरोबर होत्या. रायफली सापडल्या, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु मोजणीला किती वेळ लागला पाहा! ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे या कार्यालयातून त्या कार्यालयात पत्रे जात होती, तो रायफली ओळीने मांडताच सुटला. रायफल हरवली नसताना ती हरवली असे वहीवरून दिसते, तेव्हा खरोखर हरवलेली रायफल त्याच वहीत सुखरूप आहे असे दिसत नसेल कशावरून?

काडतुसांचे मात्र तसे झाले नाही. रायफलीवर क्रमांक असतो. काडतूस उडवले की त्याची फक्त रिकामी पुंगळी उरते, म्हणून सरावानंतर पुंगळ्या मोजून परत जमा करण्याची शिस्त असते. पुंगळ्या भरल्या म्हणजे काडतुसे उडवली गेली, असा हिशेब. त्या पुंगळ्यांचा माग काढता काढता तपास करणाऱ्यांना छावणीत एक पितळी राजमुद्रा सापडली. रिकाम्या पुंगळ्या वितळवून ती ओतवली होती, आणि अधिकारी ज्या मेजामागे उभे राहून जवानांपुढे भाषण करीत, त्या मेजाच्या दर्शनी बाजूला ती लावलेली होती.